नवीकडे जायचं ठरतंय

११ जानेवारी

नवी,

अक्षर ओळखलंस का? नसेल तर पाकीट उलटसुलट करून बघत बसू नकोस. मीच आहे, टिटवी.

तुझ्या कारखान्याचा फोन नंबर अजून तोच आहे. मी दोनदा लावून पाहिला. एकदा तू उचललास आणि "आजचा बर्फ संपला, उद्या या" म्हणून ठेवून दिलास. दुसऱ्या वेळी मी जीव तोडून ओरडले, "अगं, मी बोलतेय!" तर तू विचारलंस, "किती लाद्या?" मागे कॉम्प्रेसरची धडधड चालू होती. म्हणजे कानांची परिस्थिती होती तशीच आहे, किंवा आणखी पुढे गेली आहे. म्हणून कागद-पेन घेऊन बसले.

मुद्द्याचं आधी सांगते. आम्हाला तुझ्याकडे यायचंय. एप्रिलमध्ये, मुलीची परीक्षा संपली की. आम्ही म्हणजे मी, नवरा आणि मुलगी. मुलगी नऊ वर्षांची आहे. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो, बोलतो कमी, खातो काहीही. मी चष्म्याच्या दुकानात आहे. डोळे तपासते, नंबर काढते. लग्नाची पत्रिका तुला पाठवली होती, ती मिळाली हे मला माहीत आहे, कारण ते ब्लँकेट आलं. सोबत चिठ्ठी नव्हती. पण पार्सलवरच्या सुतळीची गाठ बघितली आणि कळलं. तसली गाठ जगात तूच मारतेस, जी सुटत नाही, कापावीच लागते.

आत्या गेल्या पावसाळ्यात गेली. शेवटी फार हाल झाले नाहीत. तिने मला पोटच्या पोरीसारखं सांभाळलं, त्यात काडीचं खोटं नाही. तिच्या घरात एकच विषय काढायचा नव्हता, आणि तो विषय तू होतीस. बाबा गेल्यावर मी चौदाव्या वर्षी तिच्याबरोबर तुझ्याकडून निघाले, त्याला आता पंचवीस वर्षं होत आली.

हल्ली मला तू येता-जाता आठवतेस. मी आठ वर्षांची होते, आई जाऊन वर्ष झालं होतं, आणि बाबा तुला दारात उभी करून म्हणाले, "ही तुझी नवी आई." मी 'नवी आई'मधला पहिला शब्द ठेवून घेतला आणि दुसरा तिथेच सोडून दिला. गावभर तू माझी नवी झालीस. बर्फ न्यायला येणारी माणसंसुद्धा "नवीबाई आहेत का?" विचारायला लागली. तू कधी कुणाला दुरुस्त केलं नाहीस.

बस अजून चौकातच थांबते का? स्टँडसमोरचं लॉज चालू आहे का? बर्फाच्या खोलीत लहान मुलीला स्वेटर पुरेल, की कोट आणू? सगळं सविस्तर लिही.

तुझी,
टिटवी


३० जानेवारी

नवी,

कार्ड मिळालं. सविस्तर लिही म्हटलं होतं, आणि तू जागा उरली म्हणून खाली रेघ मारून मोकळी झालीस.

एप्रिलमध्ये येऊ नका, कारण तेव्हा कामाची झुंबड असते. पावसाळ्यात येऊ नका, रस्त्याची वाट लागते. आणि थंडीत येऊन काय करणार, थंडीत बर्फ कोण बघतं! बाई गं, मग आम्ही यायचं कधी? वर्षाला तेरावा महिना असता तर त्यालाही तू काहीतरी कारण काढलं असतंस.

झुंबड असू दे. आम्हाला पाहुणचार नकोय. मी गोणपाटं धुईन, नवरा भुसा ओढेल.

आणि तुझा तो खालचा प्रश्न. "लग्नाला दोन वर्षं झाली आणि मुलगी नऊ वर्षांची कशी?" कानाने ऐकू येत नसलं तरी डोकं शाबूत आहे तुझं. मला वाटलं होतं, हे मी समोर बसून सांगेन, किंवा सांगणारच नाही. पण आता विचारलंच आहेस तर सांगते. मुलगी माझ्या पोटची नाही. तिची आई ती पाच वर्षांची असताना आजारपणात गेली. मी आले तेव्हा ती सात वर्षांची होती. घरात तिला सगळे खार म्हणतात, कारण तिच्या खिशात, दप्तरात, उशीखाली सतत काहीतरी साठवलेलं असतं.

तर मीही नवीच आहे, नवी. आता कळलं तुला, मला तू का आठवतेस?

फक्त माझ्या खारीने मला नवीसुद्धा म्हटलं नाही. ती मला काहीच म्हणत नाही. आई नाही, काकू नाही, मावशी नाही. मला हाक मारायची वेळ आली की ती "हॅलो" म्हणते. "हॅलो, माझी निळी पेन्सिल कुठाय?" "हॅलो, बाबा कधी येणार?" मला आधी हसू यायचं. लोकांना मी गंमत म्हणून सांगायचेसुद्धा. गेल्या महिन्यात शाळेच्या फाटकाशी तिच्या मैत्रिणीने विचारलं, "ह्या कोण गं तुझ्या?" खारीने माझ्याकडे बघितलं, बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, "ह्या आमच्या घरी असतात."

खोटं काहीच नव्हतं त्यात. मी घरी असतेच. पण त्या दिवशी दुकानात एका गिऱ्हाईकाला मी उजव्या डोळ्याची काच डाव्या बाजूला बसवून दिली.

नवऱ्याला हे सांगितलं नाही. तो तिला रागावेल, आणि मग ती भीतीपोटी मला आई म्हणेल. तसलं आई मला नकोय.

तू सहा वर्षं कशी काढलीस माझ्याबरोबर? तू कधी रडलीस का? मला तर तू आठवतेस ती गमबूट घालून, हातात बर्फाचा टोचा घेऊन, कुणावर तरी ओरडताना.

टिटवी


२२ फेब्रुवारी

प्रिय नवी,

या वेळच्या कार्डावर दोनच वाक्यं. "घरात जागा नाही. तिची आई कशी होती ते तिला विचार."

पहिल्या वाक्याचं नंतर बघू. दुसरं वाक्य वाचून मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसूनच राहिले. मला एकदम वेण्या आठवल्या.

शाळेत जायच्या आधी तू मला पुढ्यात घ्यायचीस आणि विचारायचीस, "मला काही येत नाही बाई. तुझी आई कशा घालायची वेण्या?" आणि मी मास्तरणीसारखी सांगायचे. भांग मधून नाही, डावीकडून. आधी कानामागचे केस घ्यायचे. आई घट्ट ओढायची नाही. आई गाणं म्हणायची. तू ऐकायचीस आणि रोज काहीतरी चुकवायचीस, मी पुन्हा सांगायचे. आई असं करायची, आई तसं करायची. त्या घरात बाबा आईचं नावही काढत नव्हते, आणि मी रोज सकाळी तुझ्या मांडीपुढे बसून आईबद्दल बोलत होते. आता मला वाटतं तू मुद्दाम चुकवत असशील. मी बोलत राहावं म्हणून. हो ना?

मग मीही करून बघितलं. पहिल्यांदा सपशेल आपटले. कंगवा घेऊन म्हटलं, "तुझी आई कशी वेणी घालायची?" ती म्हणाली, "माझे केस आधीपासून बारीकच होते." खरंच की! मी तिचे लहानपणीचे फोटो शंभरदा बघितलेत.

पण रविवारी मी भेंडी चिरत होते, ती समोर गृहपाठ करत होती. मी सहज विचारलं, "तुझी आई भेंडी कशी करायची?"

मान वर न करता ती म्हणाली, "जळकी."

आतल्या खोलीत पेपर वाचणारा नवरा फस्सकन हसला. "खरंच गं," तो म्हणाला, "कायम जळकी. भेंडी गॅसवर ठेवायची आणि शेजारणीशी गप्पा मारायला जायची."

"आणि मग सगळ्या खिडक्या उघडायची," खार म्हणाली.

"आणि मला म्हणायची, बाजारातून भेंडीच करपलेली आली."

आणि नवी, ते दोघं हसायला लागले. हसता हसता त्याचे डोळे भरले, मग तो पेपर तोंडापुढे धरून बसला. या घरात दोन वर्षांत मी तिच्याबद्दल ऐकलेलं हे पहिलं बोलणं. एरवी ती म्हणजे भिंतीवरचा एक फोटो होता, आणि मी रोज त्याच्यावरची धूळ पुसत होते. परवा ती मला पहिल्यांदा बाई वाटली. आवडलीच मला. मीसुद्धा गॅसवर काहीबाही विसरते.

त्या दिवशी भेंडी मी थोडी जाळली. खारीने दोनदा मागून घेतली.

हे तुझं वाक्य मला कुणी दहा वर्षांच्या अभ्यासानंतर दिलं असतं तरी मी पाय धरले असते. तू कार्डाच्या कोपऱ्यात लिहिलंस, तेही जागा नाही म्हणून सांगता सांगता.

आता जागेचं. घरात नसेल तर लॉजमध्ये उतरतो. मी फोन करून बघते.

तुझी टिटवी


७ मार्च

नवी,

हे पत्र बसून वाच. आणि वाचून झाल्यावर लगेच चुलीत घालू नकोस.

लॉजचा नंबर मिळाला नाही, म्हणून त्याच्या खालच्या औषधाच्या दुकानात फोन केला आणि मी कोण ते सांगितलं. दुकानदार मोठा बोलका निघाला. म्हणाला, "ताई, लॉज बंद होऊन जमाना झाला. वर आता मुलांच्या शिकवण्या चालतात. पण तुम्हाला उतरायला काय कमी आहे? मिस्त्रींच्या घरावर चांगली वरची खोली चढवली आहे की."

"कुठल्या मिस्त्रींच्या?" मी म्हटलं.

"बर्फाच्या कारखान्याच्या. तुमच्या आईंच्याच घरी म्हणतोय मी. म्हणजे दोघांच्या." मग त्याच्या लक्षात आलं असावं. घाईघाईने म्हणाला, "तुम्हाला माहीत असेल असं वाटलं मला. चांगली माणसं आहेत हो दोघं. इथे आता कुणी काही बोलत नाही."

म्हणजे जागा आहे. वरची खोलीही आहे. नाही ते फक्त तुझ्या तोंडून सांगण्याचं धाडस.

मला अर्धं माहीत होतं. आत्याकडे येऊन तिसरं वर्ष असेल, ती एकदा तावातावाने घरी आली आणि म्हणाली, "त्या बाईने कामावरच्या माणसाला घरात घेतलं. आजपासून तिचं नाव काढायचं नाही." मी सतरा वर्षांची होते. मला वाटलं, गावातल्या चार रिकामटेकड्यांनी उठवलेली आवई असेल. आणि खरी असली तरी विरली असेल. मला काय माहीत, तुम्ही दोघं इतकी वर्षं एकत्र म्हातारे होताय!

मिस्त्रीकाका मला चांगले आठवतात. निळ्या फडक्याला हात पुसत उभे असायचे. मशीनला "बाईसाहेब" म्हणायचे. बाबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सगळे ओसरीवर गप्प बसले होते, आणि काका फाटकाशी येऊन तुला विचारत होते, "मशीन चालू करू का? दवाखान्याला बर्फ पाठवायचाय." लोकांनी त्यांच्याकडे असं बघितलं की जणू त्यांनी काही भलतंच विचारलं. तू उठलीस, गमबूट घातलेस आणि त्यांच्यामागून गेलीस. आत्या पुढे कितीदा तरी म्हणायची, "डोळ्यांतलं पाणी खळलं नव्हतं आणि निघाली कामाला." मला मात्र ती धडधड ऐकून त्या दिवशी पहिल्यांदा भूक लागली होती. घर अजून चालू आहे असं वाटलं.

तुला भीती कसली वाटतेय? माझी की खारीची? की नवऱ्याची? त्याने स्वतः दुसऱ्यांदा मांडलाय संसार, तो कुणाला नावं ठेवणार! आणि माझं विचारशील तर, दुकानदाराने फोन ठेवल्यावर मला काय वाटलं सांगू? हलकं वाटलं. इतकी वर्षं माझ्या डोळ्यांपुढे तू एकटी होतीस. एकटी लाद्या मोजतेस, एकटी जेवतेस. माझं तिथे काही चालत नव्हतं, म्हणून मी ते चित्र झाकून ठेवायचे. आणि तू तिकडे चांगली दोघांची ताटं वाढत होतीस!

मी कोण तुला परवानगी देणारी? मी एवढंच विचारते, मिस्त्रीकाका चहात साखर किती घेतात? मला त्यांना माझ्या हातचा चहा द्यायचाय.

टिटवी


२९ मार्च

लाडके नवी,

कार्ड आलं! वर तुझं अक्षर, "या." एवढंच. आणि खाली दुसऱ्याच कुणाचं तरी, काळ्या तेलाच्या बोटाच्या ठशासकट, "दोन चमचे. वरच्या खोलीत पंखा लावला आहे. मिस्त्री."

मी ते नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "हा माणूस मला आवडला." मग विचारायला लागला, कॉम्प्रेसरची मोटर किती ताकदीची, पट्टा कुठला. बॅगेत कपड्यांच्या आधी त्याचे पाने गेलेत.

रजा मिळाली आहे. सोळा एप्रिलच्या सकाळच्या बसची तिकिटं काढली. घाटाखालच्या स्टँडवर गाडी बदलायची, दुपारी जेवणाच्या सुमाराला चौकात. आणायला येऊ नकोस, मला रस्ता पाठ आहे. सोबत भिंगांची पेटी आणतेय. तुझं अक्षर कार्डागणिक मोठं होत चाललंय, त्याचा अर्थ मला धंद्यामुळे कळतो. दोघांचेही डोळे बघणार आहे, आधीच सांगून ठेवते.

सगळं ठरलं आणि परवा खार म्हणाली, "तुम्ही दोघं जा. मी शेजारच्या काकूंकडे राहीन."

मी विचारलं का. तिने खांदे उडवले. नवरा काही बोलायला गेला, मी त्याला डोळ्यांनी थांबवलं. खरं सांगू का, मला रडू आलं होतं. मी तिला तुझ्याकडे आणायला म्हणूनच तर हा सगळा खटाटोप मांडला. ती नसेल तर मी तुझ्यापुढे येऊन काय करू?

काल जेवताना मी मुद्दाम तिच्याकडे न बघता नवऱ्याला तुझ्याबद्दल सांगत होते. म्हटलं, तिला कमी ऐकू येतं आणि मशीनचा आवाज असतो, त्यामुळे तिथे सगळे कायम ओरडून बोलतात. मीही ओरडायचे. माझा आवाज त्या धडधडीतून आरपार जायचा, म्हणून तर मी टिटवी झाले.

खारीचा घास थांबला. "हॅलो," ती म्हणाली, "तिथे घरातसुद्धा ओरडलेलं चालतं?"

"चालतं काय, ओरडावंच लागतं."

"कुणी 'हळू बोल' नाही म्हणत?"

"हळू बोललं तर कुणी लक्षच देत नाही."

तिने घास गिळला आणि म्हणाली, "मग येते."

भीती वाटतेय नवी. पण बॅग भरतेय.

टिटवी


२४ एप्रिल

प्रिय नवी,

पोचलो. बसमध्ये कुणाला काही झालं नाही. तू बांधून दिलेल्या डब्याची सुतळी आम्ही कापलीच.

मी तिथे असताना तुला जे सांगायला हवं होतं, त्यातलं निम्मंही सांगितलं नाही. तू उभी राहू देशील तर ना! चौकात उतरलो तर तू आधीच तिथे, गमबुटांतच. मला वाटलं होतं आपण गळ्यात पडू, रडू. तू माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलंस आणि ओरडलीस, "किती वाळलीस!" आणि बॅग हिसकावून चालायला लागलीस. तुझी उंची कमी झाली आहे नवी. मागून चालताना माझ्या लक्षात आलं, आणि मग मी रस्त्यातच रडून घेतलं. तुला ऐकू आलं नाही ते बरं झालं.

घर काय सुरेख ठेवलंय दोघांनी. कोपऱ्यातलं टेबल, दोन खुर्च्या, एकीच्या पाठीला तुझा टॉवेल, दुसरीच्या पाठीला निळं फडकं. मी चहा केला तेव्हा मिस्त्रीकाका उभेच राहिले, बसेचनात. कप हातात घेऊन म्हणाले, "तुझ्या बाबांनी मला कामाला लावलं होतं." मी म्हटलं, "माहीत आहे काका. बसा ना." तेव्हा कुठे बसले. पहिला घोट घेतल्यावर त्यांनी तुझ्याकडे बघून मान हलवली आणि तू पदराला नाक पुसलंस. मला सगळं दिसत होतं. डोळे तपासायचाच धंदा आहे माझा.

वेण्यांचं मात्र तू माझं तोंडच बंद केलंस. मी किती विचार करून, आवाज लावून तुला सांगितलं की तू मुद्दाम चुकवत होतीस, हे आता मला कळलंय. तू तोंडात घास तसाच ठेवून म्हणालीस, "मुद्दाम कशाला? मला खरंच येत नव्हतं गं. चार भावांत वाढले मी, वेणी घालणार कुणाची?" मिस्त्रीकाकांना ठसका लागला. मी दोन महिने तुला थोर करून ठेवलं होतं! पण बसमध्ये विचार करत आले. येत नव्हतं, तर ते तू एका आठ वर्षांच्या पोरीला विचारलंस. मला येतं असं दाखवलं नाहीस. मी दोन वर्षं खारीपुढे मला सगळं येतं असंच दाखवत होते. त्यामुळे थोरपण काही कमी होत नाही, तू कितीही नाही म्हण.

आता ती दुसऱ्या दिवशीची गोष्ट. तुला तुझी बाजू माहीत आहे, माझी सांगते.

मी मागच्या हौदाशी भांडी घासत होते. तू आणि खार भुशाच्या ढिगाशेजारी, गोणपाटाखाली झाकलेल्या लादीवर टेकून बसला होतात. मशीन जोरात चालू. खार तुझ्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी विचारत होती. तू "काय?" म्हणालीस. ती आणखी मोठ्याने बोलली. तू पुन्हा "काय?" मग तिने शाळेत जन्मात काढला नसेल असा आवाज काढला.

"तुम्हाला राग नाही यायचा? नवी म्हटल्यावर?"

"कोण म्हणतं नवी?"

"माझी आई!"

"कोण?"

आणि त्याच क्षणी काकांनी पट्टा बघायला मशीन बंद केलं. धडधड थांबली. सगळीकडे चिडीचूप. बर्फ न्यायला आलेले हातगाडीवाले उभे, माझा नवरा हातात पाना घेऊन उभा, आणि त्या शांततेत आमची खार गळ्याच्या शिरा ताणून ओरडली, "माझी आई! ती काय, भांडी घासतेय ना, ती!"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. खारीने बघितलं. तिचे कान लालबुंद झाले. आता ही पळून जाणार, पुन्हा वर्षभर तोंड उघडणार नाही, असं मला वाटलं. माझ्या हातात पातेलं होतं. मी ते पातेलं घासत राहिले.

आणि मिस्त्रीकाकांनी, पट्ट्याकडे बघितलंसुद्धा नाही, पुढच्याच क्षणी मशीन पुन्हा चालू केलं. धडधड सुरू झाली. हातगाडीवाले पुन्हा लाद्या मोजायला लागले. तू खारीला ओरडून म्हणालीस, "राग कसला यायचाय! नाव आहे ते माझं!" आणि ती हसली. काकांना माझा नमस्कार सांग. ते मशीन त्यांनी का चालू केलं ते मला कळलं, हेही सांग. लाजलेल्या पोरीला झाकायला एवढा मोठा आवाज कुणी दिला नसता.

त्यानंतर संध्याकाळी तिने मला "हॅलो, माझा स्वेटर कुठाय?" असंच विचारलं. आजही हॅलोच चालू आहे. मला काही फरक पडत नाही. आतलं नाव मी ऐकलंय.

निघायच्या सकाळी तू मला भिंगांच्या पेटीशी एकटीला गाठलंस. मी तुझा डावा डोळा झाकला होता, तू अक्षरं वाचायची सोडून विचारलंस, "हिच्या आजोळी जाता का?"

मी म्हटलं, "नाही. तिकडून कुणी बोलावत नाही. लग्नालाही आले नाहीत."

"तू जा."

"मी कशी जाऊ? त्यांची मुलगी गेली, आणि मी तिच्या जागी जाऊन उभी राहू?"

तू एका डोळ्याने माझ्याकडे बघत होतीस. म्हणालीस, "तुझ्या आजोळी मी तुला न्यायचे. पहिल्या वर्षी तुझ्या आजीने मला पाणी विचारलं नाही. मी तुला दारात सोडलं आणि स्टँडवर परतीच्या गाडीची वाट बघत बसले. दुसऱ्या वर्षी पाणी दिलं. तिसऱ्या वर्षी म्हणाली, आता कुठे जातेस, राहा. मग आम्ही दोघी तुझ्या आईबद्दल बोलत बसलो. मला वेणी तिनेच शिकवली."

मला यातलं काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं. मला आठवतं ते एवढंच की सुट्टी लागली की मी आजीकडे असायचे, आंब्याच्या झाडावर. मला तिथे कुणी पोचवलं, ती परत कशी गेली, उन्हात कुठे बसली, हे मी कधी बघितलंच नाही. लहान मुलाला ते दिसू नये अशाच बेताने तू ते केलंस.

मला तुझे आभार मानायचे होते गं. तू डोळ्यावरची पट्टी काढून म्हणालीस, "बास आता, गाडी चुकेल." म्हणून इथे लिहिते. तू मला आजोळ ठेवलंस. आई ठेवलीस. पुढे आत्या न्यायला आली तेव्हा तिकडे शाळा चांगली आहे म्हणून मला जाऊ दिलंस, आणि त्याचं ओझं माझ्यावर कधी टाकलं नाहीस. माझ्याकडे जे जे म्हणून धड आहे, त्याला कुठे ना कुठे तुझा हात लागलाय.

चष्मे आठवड्याभरात पाठवते. तुझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरतोय, घाबरण्यासारखं नाही, पण तालुक्याच्या दवाखान्यात दाखवायला जा. काकांना सांगून ठेवलंय, ते नेतील. टाळाटाळ करशील तर मी पुन्हा येईन.

तुझी,
टिटवी


६ मे

प्रिय नवी,

मी फोन केला.

चार-पाच दिवस नुसताच नंबर काढून समोर ठेवत होते. काल दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, मागच्या खोलीत गेले आणि लावला. पहिल्या घंटेलाच उचलला. खारीची आजीच होती. आवाज थकलेला, पण स्वच्छ.

मी कोण ते सांगितलं. पलीकडे काहीच ऐकू येईना. मला वाटलं ठेवला. मी पाठ केलेलं सगळं विसरले आणि भराभर बोलत सुटले, की सुट्टी लागली आहे, खारीला पाठवायचं होतं, तुम्हाला चालणार असेल तर मी तिला आणून सोडेन, मी थांबणार नाही, दारातूनच परत जाईन, संध्याकाळची गाडी आहे.

"दारातून का?" आजी म्हणाल्या.



मग त्यांनी खारीचं विचारलं. किती उंच झाली, दात सगळे आले का, अजून खिशात खडे भरते का. मी सांगत गेले. म्हटलं, भेंडी जळकी लागते तिला. पलीकडून हसू आलं, मग ते हसू मध्येच मोडलं. शेवटी त्या म्हणाल्या, "शनिवारी या. सकाळच्याच गाडीने या, म्हणजे दुपारी जेवायला सगळे बरोबर बसू."

मी हो म्हटलं. ठेवणार होते, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "आणि तुला काय आवडतं गं जेवायला? नातीचं माहीत आहे, जावयाचं माहीत आहे. तुझंच काही माहीत नाही."

मी चष्म्यांच्या रिकाम्या फ्रेमा लटकवलेल्या त्या खोलीत उभी होते आणि मला काय आवडतं ते काही केल्या आठवेना. किती वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. त्या थांबल्या होत्या. घाई करत नव्हत्या.

टिटवी